मटण आपण निवडावं, आपण भाजावं आणि आपल्याही ताटात घ्यावं
(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गप्पा’ या कार्यक्रमातलं भाषण)

एकादशी झाली, वारीला गेलेली माणसं घरी परतली, आणि आता गावोगाव आखाड सुरू झालाय. आषाढ अमावास्येनंतर श्रावण लागेल. मग बऱ्याच घरांत महिनाभर मटण बंद. म्हणून या दिवसांत मटणाच्या दुकानापुढं रांग असते आणि भावही चढलेला असतो. आज याच विषयावर बोलायचं ठरवलंय. ज्या ताई माळकरी आहेत त्यांनी मला सांभाळून घ्यावं. पण शेवटी मी वाटणीबद्दल जे बोलणार आहे ते तुम्हीही ऐका. ते दुधातुपालाही लागू आहे.

विषय निघाला तो असा. मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस मांसाचा तळहाताएवढा जाड काप जाळीवर टाकतो, दोन्ही अंगांनी भाजतो, थोडा वेळ तसाच ठेवतो आणि सुरीनं कापून खातो. त्याला स्टेक म्हणतात. बायका म्हणाल्या, “मसाला नाही, रस्सा नाही, आणि एवढं मऊ कसं? आपल्याला जमेल का?”

तो काप बहुतेक बैलाच्या मांसाचा असतो. आपल्या राज्यात गाय-बैलाचं मांस कायद्यानं बंद आहे, आणि आपल्या घरी येतं ते बोकडाचंच. पण त्या माणसाची रीत आपल्या बोकडालाही चालते. तुकडा कुठला घ्यायचा, तो कोरडा कसा करायचा, आच कशी ठेवायची, हे एकदा कळलं की झालं. बोकड तर आपल्याच गोठ्यातला. आपल्यातल्या निम्म्या जणींनी गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्यात. उस्मानाबादी शेळी आपल्या दाराशी वाढते, तिचं करडू आपण बाटलीनं दूध पाजून जगवतो. पण त्याचं मटण दुकानातून निवडून आणायला आपल्यातली किती जणी गेली? मी बैठकीत हात वर करायला सांगितलं. बावीस जणींत तीन हात वर आले.

त्याच बैठकीत आमच्या एक आक्का होत्या. त्यांच्याकडे चार शेळ्या आहेत, दर आखाडाला एखादा बोकड विकतात. गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन आठ निघालं. आशाताईंनी विचारलं, “आक्का, घरी मटण-अंडी काही होतं का?” आक्का म्हणाल्या, “होतं की, दर रविवारी अर्धा किलो असतंच.” आशाताईंनी पुढं विचारलं, “तुमच्या ताटात किती फोडी येतात?” आक्का गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, “रस्सा असतो की भरपूर.”

हे एकट्या आक्कांचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला कारणं बरीच आहेत. पण एक कारण आपल्या पातेल्यातही आहे. आपण शेवटी जेवायला बसतो. तोवर फोडी संपलेल्या असतात आणि रश्शात कुणाला किती गेलं हे कुणालाच कळत नाही. आपल्याला स्वतःलाही कळत नाही.

म्हणून मला ही भाजायची रीत आवडली. जाळीवर ठेवलेल्या फोडी मोजता येतात. घरात माणसं पाच आणि चापा दहा, म्हणजे प्रत्येकाला दोन. यात कुणाला वाद घालायला जागा राहत नाही. आता पहिल्यापासून सांगते.

पहिलं काम, दुकानात आपण जायचं. एकटीला संकोच वाटत असेल तर दोघी जा. सकाळी लवकर जा. टांगलेल्या बोकडातून समोर कापून मागा. आधीच तोडून पाटीत ठेवलेलं, वर पाणी मारलेलं मटण घेऊ नका. त्यात पाण्याचं वजन आपण पैसे देऊन विकत घेतो.

जनावर कोवळं होतं की जून, हे ओळखायला तुम्हाला मी काय शिकवणार? तुम्ही बाजारात शेळीचं तोंड उघडून दात बघता. दुकानात मुंडी ठेवलेली असते, तिचेही दात बघा. पुढचे सगळे दुधाचे दात असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतलं. दोन मोठे दात आले असतील तर वर्ष-दीड वर्षाचं. भाजायला या दोन्हींपैकी चालेल. चार दातांच्या पुढचं असेल तर ते रश्शाला न्या, भाजायला नको.

मुंडी दिसली नाही तर मांस बघा. कोवळ्याचं मांस फिकट लालसर असतं, जुन्याचं गडद, काळपट लाल. कोवळ्याच्या बरगडीचं हाड अरुंद असतं आणि त्यात लाली असते. जुन्याचं हाड रुंद, चपटं, पांढरं पडलेलं. चरबी पांढरी आणि घट्ट हवी. बोटानं दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर “नको भाऊ” म्हणा आणि परत फिरा. आणि खच्ची केलेल्या बोकडाच्या मटणाला उग्र वास कमी असतो, म्हणून भाजायला ते बरं.

एक गोष्ट निक्षून सांगते. आपोआप मेलेल्या जनावराचं मटण कितीही स्वस्त मिळालं तरी घरात आणायचं नाही. आपली शेळी मेली तर ती कापून विकायचीही नाही. जनावर फाशी रोगानं मेलेलं असेल तर ते उघडणाऱ्यालाही त्याची लागण होते आणि जीव जाऊ शकतो. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून रक्त आलं, तर हात लावू नका. डॉक्टरांना बोलवा. ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. तसंच, बोकडाला औषधाचं इंजेक्शन दिलं असेल तर किती दिवसांनी कापायला द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. ते दिवस भरू द्या. आपलं विकलेलं मटण कुणाचं तरी लेकरू खाणार असतं.

आता तुकडा कुठला घ्यायचा. शेळी दिवसभर चालते, मान खाली-वर करून चरते. म्हणजे तिचे पाय आणि मान सतत कामात असतात. कामाचं मांस चिवट होतं. पाठीला त्या मानानं काम कमी, म्हणून पाठीचं मांस मऊ. व्हिडिओतला माणूसही पाठीकडचाच काप घेतो. आपल्याकडे पाठीकडची चाप मागायची. “दादा, अर्धा किलो पाठीची चाप द्या, हाडासकट, एक बोट जाड, बारीक करू नका,” असं सांगा. एवढं सांगितलं नाही तर ते सवयीनं रश्शाच्या फोडी करून देतात. अर्ध्या किलोत दहा-बारा चापा येतात. चाप संपली असेल तर मांडीचे आडवे काप घ्या. सीना, मानेचं आणि नळी रश्शाला छान. त्यात शिजायला वेळ लागतो, पण चव उतरते.

काही जणी म्हणतील, चाप परवडत नाही. आमच्या बाजारात मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात आहे, हे मलाही माहीत आहे. म्हणून जास्त आणा असं मी म्हणत नाहीच. जे अर्धा किलो तुमच्या घरी येतं तेच आणा. पाव किलो चाप आणि पाव किलो रश्शाचं, असंही चालेल. मग चाप माणशी एक येईल, पण प्रत्येकाला येईल.

घरी आणल्यावर एकदा झटकन धुवा आणि स्वच्छ सुती फडक्यानं टिपून अगदी कोरडं करा. हे फार महत्त्वाचं आहे. ओलं मांस जाळीवर टाकलं की आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते. ते उकडतं, भाजत नाही. बाहेरून तांबूस खरपूसपणा येतो तो कोरड्या मांसालाच.

अर्ध्या किलोला एक छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, आल्या-लसणाचा पिळून काढलेला रस दोन चमचे आणि फडक्यात बांधून पाणी काढलेलं घट्ट दही दोन मोठे चमचे. लसणाचा चोथा लावू नका, तो निखाऱ्यावर जळतो आणि कडू लागतो. मांस थोडं जून वाटलं तर कच्ची पपई सालासकट वाटून एक छोटा चमचा लावा. पपईच्या चिकात मांसाचे धागे सैल करायचा गुण आहे. पण पपई लावून दोन तासांच्या वर ठेवू नका, नाहीतर मांस पिठूळ होतं. कांदा-लसूण मसाला आधी लावू नका. तो शेवटी.

जनावर कापल्यावर काही तासांनी मांस ताठरतं आणि मग थंडीत हळूहळू पुन्हा सैल होतं. घरात फ्रीज असेल तर मटण झाकून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवलं तर जास्त मऊ होतं. ते सगळ्यात खाली ठेवायचं, म्हणजे त्याचं पाणी भाजी-दुधात गळत नाही. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी करा. बाहेर उघड्यावर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही.

आता विस्तव. बाभळीचं वाळलेलं लाकूड सगळ्यात चांगलं, त्याचे निखारे बराच वेळ टिकतात. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिक, रॉकेल यातलं काही वापरू नका. सळईच्या जागी कुठल्याही झाडाची काडी घेऊ नका. कण्हेरीची काडी तर मुळीच नको, ती विषारी असते. जाळ विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. जाळावर ठेवलं तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं.

निखारे शेगडीत एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला थोडे पसरा. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून बघा. तीन मोजेपर्यंत हात मागं घ्यावासा वाटला तर ती बाजू कडक. सहा-सात मोजेपर्यंत सोसलं तर ती बाजू मंद. आपल्याला दोन्ही हव्यात.

चापांना तेलाचं बोट लावा आणि आधी कडक बाजूला ठेवा. दोन मिनिटं एका अंगानं, दोन मिनिटं दुसऱ्या अंगानं. सारखं हलवू नका. मांस भाजलं की जाळीवरून आपोआप सुटतं. चरबी गळून जाळ उठला तर चाप बाजूला घ्या, पाणी मारू नका. मग सगळ्या मंद बाजूला सरकवा आणि मधूनमधून उलटत दहा-बारा मिनिटं भाजा. शेवटच्या दोन मिनिटांत चमचाभर तेलात कांदा-लसूण मसाला कालवून वरून लावा.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? हाडाजवळ सुरीचं टोक घाला. बाहेर येणारा रस पांढरट आणि स्वच्छ असला, मांसात कुठं गुलाबी नसलं, की झालं. व्हिडिओतला माणूस आतून गुलाबी ठेवतो. तो एकसलग काप असतो आणि बहुतेक जंतू त्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. ते आचेवर मरतात. आपलं मटण उघड्यावर तुकडे होऊन येतं. शिवाय शेळी-मेंढीच्या कच्च्या मांसातून पोटातल्या बाळाला अपाय करणारा रोग होऊ शकतो. घरात गरोदर सून-लेक असेल तर अजिबात कच्चं ठेवू नका.

मांडीचे काप असतील तर थोडा फरक करा. आधी झाकण ठेवून अंगच्या पाण्यात वीसएक मिनिटं मंद शिजवा, पाणी आटवा आणि मग निखाऱ्यावर खरपूस करा. शेगडी नसेल तर गॅसवर बिडाचा तवा चालतो. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, एवढा तापवा. बाकी रीत तीच.

खाली उतरवल्यावर लगेच खायला घेऊ नका. ताटात काढून वर सैल झाकण ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. गरम असताना कापलं तर सगळा रस ताटात वाहून जातो. थोडं निवलं की तो मांसातच राहतो. मांडीचा काप असेल तर धाग्याच्या आडवा कापा, म्हणजे चावायला सोपा. म्हाताऱ्या माणसांसाठी तर असाच कापा.

काही काळजी घ्यायची ती अशी. कच्चं मटण ज्या ताटात होतं त्याच ताटात भाजलेलं काढू नका. सुरी आणि हात साबणानं धुवा. उरलेलं मुरवण वरून लावू नका. आणि पावसाची सर आली म्हणून पेटलेली शेगडी बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपेतच माणसं दगावतात. पडवीत, वारा खेळता असेल तिथंच ठेवा.

आता शेवटचं, वाटणीचं. भाजून झालं की चापा मोजा आणि ताटं वाढताना आपलं ताटही त्याच वेळी वाढा. “मी मागाहून घेते” म्हणायचं नाही. आपल्या दोन चापा आपल्या ताटात ठेवून वर झाकण घाला. सगळ्यांच्या बरोबर बसता आलं तर फारच छान. वर लिंबू पिळा. मटणातलं लोह अंगाला चांगलं लागतं, आणि लिंबू असलं की सोबतच्या भाकरी-भाजीतलंही लोह जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका, तो लोह लागू देत नाही. आणि गोळ्या चालू असतील तर “आता मटण खाते” म्हणून त्या बंद करू नका. महिन्यातून चार चापांनी रक्त भरून निघत नाही. गोळ्या हव्यातच. पण चापाही आपल्या हक्काच्या आहेत.

आक्कांनी गेल्या रविवारी हे करून पाहिलं. स्वतः दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, “आज मालक नाही आले का?” आक्का म्हणाल्या, “बोकड माझाच होता, दादा. चाप पाठीची द्या.” घरी सहा माणसं, बारा चापा. सासूबाईंच्या ताटात दोन ठेवल्या तर त्या म्हणाल्या, “मला कशाला चाप? पोरांना दे.” आक्का म्हणाल्या, “मोजून आणल्यात आत्या, पोरांच्या पोरांना दिल्यात.” म्हातारीनं चाप हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली. म्हणाली, “या घरात येऊन पन्नास वर्षं झाली. चापा मी हजार रांधल्या असतील.” एवढंच म्हणाली आणि खायला लागली.

आक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा मला माझी आई आठवली. तिच्या ताटात मी कधी बघितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, गटात आपण दहा रुपयांच्या दंडाचीही वहीत नोंद ठेवतो. पातेल्यातला हिशेब मात्र कधी मांडत नाही. ज्यांच्या घरी मटण होत नाही त्यांनी दूध, तूप, अंडं, डाळ यांचा मांडावा. येत्या आठवड्यात एवढंच करा. घरात जे चांगलं शिजेल ते कुणाच्या ताटात किती गेलं, ते एकदा मोजा. आपल्या ताटात काय आलं तेही मोजा. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर ते आकडे एकमेकींना सांगू.

आज इथंच थांबते. आखाड चांगला जाऊ द्या. आणि जेवताना ताट भरून घ्या. नमस्कार.